पोटात पाय

खडकाच्या फटीतून पाणी येतं तिथे
खल्फानकाकांनी डोक्याचं मसर सोडलं,
गाळणीसारखं धरलं धारेखाली
आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, मोज.
सात. तिळाहून लहान.
त्यांतला एक वाळूचा कण निघाला.

अल हमराच्या वर डोंगर आतून पोकळ आहे.
त्या अंधारात कधीतरी हिने डोळे टाकून दिले,
मग रंगही. शंख इतका पातळ
की भिंगाखाली तिचं जेवण दिसतं.

मस्कतच्या लॅबमध्ये तीन आठवडे
मी एकीची जीभ वाचते आहे.
(जीभच. यांचे दात जिभेवर असतात,
प्रार्थनेला उभ्या वर्गासारखे, ओळीने.)
मधल्या दाताला दोन्हीकडे तीन-तीन टोकं.
इराणातल्या चुलत बहिणीला पाच आहेत.

कुळ : बहुधा.
प्रजाती : प्रश्नचिन्ह.
आढळ : एक झरा, चाळीस पावलं.
पुढे सिमेंटचा पाट सुरू होतो, ती संपते.
माझ्या रेसिडेंट कार्डावर देश, हुद्दा, मुदत.
तिची मुदत खालच्या बोअरवेलवाल्यांकडे.

आई फोनवर विचारते, एवढं काय सापडलं?
गोगलगाय, मी म्हणते.
अन् पोटात पाय! ती हसत सुटते.
सबंध वर्गाचं नाव सांगून गेली बाई,
ग्रीकांनीही हेच ठेवलंय, अगदी हेच,
फक्त त्यांना त्यात लबाडी दिसली नाही.

नियम असा, की नाव द्यायचं
तर एक तरी मेलेली हवी.
स्पिरिटमध्ये, चिठ्ठीसकट, कायमची.
मी सगळ्यांत देखणी निवडली.
तिनं पाय आत घेतला, झाकण ओढलं,
पाणी आटलंय, येईल परत,
असं समजून बसल्यासारखी.

दोन जिवंत होत्या जारमध्ये,
त्यांच्याच पाण्यात, काळ्या फडक्याखाली.
शुक्रवारी गाडी काढली, दोन तास,
आणि फटीच्या तोंडाशी जार कलता केला.
कुठे गेल्या ते दिसलं नाही.

नाव काय ठेवलंस? काकांनी विचारलं.
अजून नाही.
आम्ही कधी ठेवलंच नाही, ते म्हणाले.
पिताना फुंकर मारायचो.
मग ओंजळ भरली,
फुंकर मारली,
जरा थांबून आत पाहिलं,
आणि प्यायले.