ई-साहित्याचा रकाना

केंद्रप्रमुखांचा फॉर्म आलाय सकाळी ग्रुपवर.
प्राथमिक संगीत : वापरलेले ऑनलाइन साहित्य.
शाळा, इयत्ता, लिंक. शनिवारच्या आत.

तर लिहिते.
उत्तरेश्वर पेठ, इयत्ता तिसरी.
पंधरा ऑगस्टला माईक बंद पडला
तेव्हा मी ओरडून राष्ट्रगीत पुरं केलं,
तेवढ्यावर हा विषय माझ्याकडं आला.

पेटी आहे. भाता उंदरांनी खाल्लाय.
म्हणून तंबोरा फोनमधला, फुकटातला.
काळी चार लावून फोन भाकरीच्या डब्यात ठेवायचा,
रिकाम्या, स्टीलच्या. आवाज घुमतो.
हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं,
रेहान शिकलगारनं सांगितलं.
चाळीस पोरांनी सा धरला
आणि डब्यातनं एक बाई विचारू लागली, कर्ज हवंय का.
पोरं म्हणाली, नकोऽऽ.
तेही सुरात.

दुसरी लिंक कुठल्याशा थंड देशातल्या मास्तरांची.
बोलणं कळत नाही, त्यानं काही अडतही नाही.
टाळी, टाळी, पेला उचल, पेला ठेव,
शेजाऱ्याकडं सरकव.
आम्ही खिचडीचे पेले घेतले.
दोन दिवस नुसता भांड्यांचा बाजार.
पाटोळे सर दारात उभे राहिले, न बोलता गेले.
गुरुवारी त्यांच्या वर्गातले पेले मोजले
तर सगळे गायब.

तिसरं ॲप सुईचं.
सूर लागला की हिरवं, चुकला की तांबडं.
माझा रिषभ तांबडा. पुन्हा तांबडा.
पोरांनी माझ्यासमोर माझी कीव केली,
मग जे दिसेल ते मोजत सुटली :
केएमटीचा हॉर्न, बोअरची मोटर,
हेडबाईंची शिंक.
कुकरची शिट्टी हिरव्यात बसली
आणि स्वयंपाकाच्या मालूताई
दिवसभर पदर सावरत हिंडल्या.

सुमित आवळेचे वडील तालमीत हलगी वाजवतात.
त्यांना बोलावलं होतं.
मैदानात त्यांनी कागद पेटवले, कातडं शेकलं,
बोटानं टिचकी मारून ऐकलं, पुन्हा शेकलं,
आणि मग जे काही सुरू झालं
त्यात सुई नुसती थरथरत राहिली,
हिरव्यात नाही, तांबड्यात नाही.
ते वाकून फोनकडं बघत म्हणाले,
"बाई, ह्याला शेकलं नाही वाटतं."

हलगी असं टाइप केलं लिंकच्या रकान्यात.
योग्य लिंक द्या, म्हणतोय फॉर्म.
डब्याची लिंक कुठली देऊ,
मालूताईंची कुठली?

शेवटचा रकाना, अध्ययन निष्पत्ती.
आलिया मणेर हजेरीला कधी बोलत नाही.
जूनपासून नुसता हात वर करते,
मीही बघून टिक मारते.
काल तंबोरा बंद करायचा विसरला होता.
डबा टेबलावर घुमत होता, मी नावं घेत होते,
मणेर म्हटलं आणि मान वर न करता
टिक मारणार, तेवढ्यात
"हजर."
सरळ सा वर. बारीक, लांब.
सुई कुठं होती ते बघायचं राहिलं.

तेच लिहिलं : मणेर, हजर.
सबमिट दाबलंय.
कधीचं गोल गोल फिरतंय.