पावती

वीज कंपनीचं संगीत संपायला चौतीस मिनिटं लागली.
तेवढ्यात मी मटार सोलले, हरवलेला मोजा शोधला,
आणि ॲलस्डेरच्या नावाचं शेवटचं बिल
दोन्ही बाजूंनी वाचून काढलं.
जून महिना. डनीडनच्या चढावर दक्षिणेचा वारा
खिडकीच्या फटीत नाक खुपसून बसलेला.

मग एक कोवळा आवाज: मी मेरेआना, काय मदत करू?
खातं बंद करायचंय. मकॉर्कोडेल.
(या आडनावापाशी सगळेच अडखळतात. तीही अडखळली.)
खातेदार स्वतः फोनवर येऊ शकतील का?

काय सांगावं या पोरीला.
गेल्या मंगळवारी सहाजणांनी मिळून त्याला उतरवला,
पण त्याआधी तरी तो कुठे यायचा फोनवर?
काही सांगायचं असलं
की दोन गल्ल्या चढून दारात उभा राहायचा,
धाप ओसरेपर्यंत नुसता टोपी फिरवत.

आमची ओळख भांडणातली.
हार्कनेसच्या दुकानात, तिसऱ्या मजल्यावर, पडद्यांच्या मागे
परत आलेल्या वस्तूंचा काउंटर. तिथे तो एक्केचाळीस वर्षं.
मी गळकी किटली आपटली त्याच्यापुढे
आणि बसमध्ये घोकून आणलेलं सगळं बोलले.
तो म्हणाला, आणि?
मी आणखी बोलले. तो म्हणाला, आणि?
असं करत किटलीवरून मी
भावाच्या ऑस्ट्रेलियावर आले, आईच्या गुडघ्यांवर आले,
मागे रांग लागली, पार पडद्यांपर्यंत.
शेवटी तो अगदी नम्रपणे म्हणाला,
पावती नाही ना बाई. पैसे मिळणार नाहीत.

संध्याकाळी दारात उभा.
कागदाच्या पुडीत रबराचा एक वायसर.

त्यानंतरचे गुरुवार मी मोजले नाहीत.
चहा, आल्याची बिस्किटं, त्याच्या बहिणीच्या कागाळ्या.
आम्ही एकमेकांचे कोण, असं गल्लीनं खूपदा विचारलं,
मग गल्लीच दमली.

चर्चमध्ये लोक आपणहून रांगेत उभे राहिले.
सवय, दुसरं काय.
एकाला टोस्टर आठवत होता, एकाला डाव्या पायाचे दोन बूट.
शेवटी एक म्हातारी. म्हणाली, मी बाबागाडी परत केली होती.
कोरी. चाकांवरचा कागदही तसाच.
कारणाच्या रकान्यात त्यानं मला न विचारता लिहिलं,
रंग आवडला नाही.
एवढंच बोलली, आणि हातमोजे घालायला लागली.

हे सगळं मी मेरेआनाला सांगितलं की नाही,
खरंच आठवत नाही. काही सांगितलं असणार,
कारण बराच वेळ पलीकडून किबोर्ड वाजला नाही.
मग ती म्हणाली, यंत्र कारण मागतंय.
घर बदललं. दुसरीकडे दर स्वस्त. सेवेबद्दल असमाधान.
एवढे तीनच आहेत.
आणि गप्प.

मी म्हटलं, आणि?

आणि माझा इथला नववा दिवस आहे, ती म्हणाली.
आणि वेळ मोजतात. आणि मघाशी एक माणूस खूप ओरडला.
आणि माझी आजी पण मार्चमध्ये.
आणि तिच्या फोनचं बिल अजून येतं, आई भरते.
मी मटारांची सालं एका बाजूला ओढत राहिले.
बाहेर कुणाची तरी गाडी चढावर तीनदा घसरली.

मग म्हटलं, हे बघ,
ज्यावरून तुला कुणी बोलणार नाही, ते निवड.
तिनं निवडलं. कुठलं, ते मी विचारलं नाही.
अकरा डॉलर चाळीस सेंट त्याला परत येणं आहे म्हणाली.

पावती काल टपालानं आली, त्याच्याच नावानं.
आडनावात एक अक्षर कमी.
किटलीखाली ठेवलीय.
ओली झालीय जराशी;
वायसर परत बदलायला झालाय.