अंगठा

शेवटच्या वर्षी वह्यांच्या मागच्या पानांवर
सही घोटली होती मी,
नावातल्या 'र'ची शेपटी आडनावापर्यंत ओढून
खाली दोन टिंबं.
ती अजून कुणी मागितली नाही.

जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत
दारातच यंत्र आहे. नऊच्या आत अंगठा.
मावशी फोनवर हसली,
'मग मलाच लावायची की नोकरी,
अंगठा तर मलाबी येतो.'

काम तसं सोपं. ओल्या कागदावर
कपाशीचं बी मांडायचं, गुंडाळायचं,
चौथ्या दिवशी उलगडायचं, मग बाराव्या.
उगवलेलं मोजायचं.
डोईफोडे मॅडम म्हणतात, वाकडे कोंब वेगळे लिही,
ते उगवलेत, पण धरायचे नाहीत.
मी जरा जास्तच वेळ बघते त्यांच्याकडे.

पहिल्या पगारात खोलीभाडं, डबा,
आणि एक पिवळी बादली.
बादली घेतली तेव्हा कळलं,
आपण इथं राहायला आलोय.

संध्याकाळी यंत्र ओळखत नाही,
दिवसभर पाण्यात बोटं सुरकुतलेली.
ओढणीला पुसते, पुन्हा लावते.
मागं रांग. कुणीतरी ओरडतं,
'फुंकर मार की, फुंकर!'

मारते,
भाजल्यावर आई मारायची तशी.