प्रश्न क्रमांक चौदा

विश्रामबागेतल्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर
मी हरित वित्त शिकवते. आठवड्याला चार तास.
स्लाइडवर पानं हिरवी, बाण हिरवे,
रोख्यांचा आलेखही हिरवा.
खिडकीखाली जनरेटर धडधडतो.
त्याच्या डिझेलच्या बिलावर माझीच सही असते,
सदस्य, खरेदी समिती.

शीतल मगदूम माझा संशोधक विद्यार्थी.
चाळीस प्रश्न, पाच पायऱ्यांची मोजपट्टी,
पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत.
ती घेऊन आम्ही हरिपूरला गेलो, हळदीच्या पेवांकडे.
थोडीच उरलीत आता.
बाकीची पुराच्या पाण्यानं आतून खचली.

बाबालाल मुल्ला पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसलेले.
शीतलनं वाचलं:
आपल्या साठवणगृहातील विजेचा वापर
गेल्या तीन वर्षांत कमी झाला आहे काय?
म्हातारा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला.
"वीज कुठली बाई हितं? माती हाय.
हळद वतायची, त्वांड लिंपायचं.
वरीस जाऊ दे न्हाईतर चार,
किडा शिरत न्हाई."
शीतलनं 'लागू नाही'वर खूण केली.

त्या दिवशी एक पेव उघडायचं होतं.
झाकण काढलं, आणि सगळे नुसते बसून राहिले.
मग दोरीला कंदील बांधून आत सोडला.
पुरुषभर खाली गेला असेल,
वात बारीक झाली. विझली.
"अजून न्हाई," बाबालाल म्हणाले, आणि चहा मागवला.
घाई कुणालाच नव्हती, माझ्याखेरीज;
मला तीनचं लेक्चर होतं.
तिसऱ्या खेपेला कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला.
तेव्हा कुठे त्यांचा पुतण्या उतरला.

बँकेत विचारलं. शीतगृहाला हरित कर्ज मिळतं,
छपरावर सौर पॅनेल असलं की व्याजात सूटही.
"पण पेव तारण कसं धरू, मॅडम?
जमिनीतली पोकळी ती.
त्यातून पूररेषेच्या आत."
आयर्विनखाली किती फूट पाणी,
हा आकडा इथल्या पोरासोरांना कळतो.
आमच्या जोखमीच्या सूत्रात त्याला जागा नाही.

चौथ्या प्रकरणाशी शीतल अडला.
"एकोणीस जणांचं 'लागू नाही', मॅडम.
सॉफ्टवेअर म्हणतंय, वगळा. वगळू?"
मी म्हटलं, थांब.
किती वेळ, ते मलाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी डिझेलचं बिल आलं.
परीक्षा तोंडावर, वीज जात होती. सही केली.

परिशिष्टासाठी अर्ज स्कॅन करताना सापडलं:
चौदाव्या प्रश्नासमोर, रकान्याच्या बाहेर,
बाबालालांचा पिवळा अंगठा.
कागद धरताना उमटलेला,
उत्तर म्हणून नव्हे.
स्कॅनरनं तो करडा केला.
मूळ कागद मी टेबलाच्या खणात ठेवलाय.
खण उघडला की अजून
हळदीचा वास येतो.