नंबर वाढला की बारीक

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची.
दर वेळचंच आहे.
यंदा मात्र जिना उतरताना तिचं वजन गुडघ्यात लागलं
आणि इलाहीबक्ष जॉबर आठवला.

मिलमध्ये तो आमच्या खात्याचा जॉबर,
रविवारी नान्नजच्या माळावर तित्तरांचा वैरी.
शिकारबंदीला अजून तीन-चार वर्षं होती.
मी अठराचा, पद्मशाल्याचा पोर,
धोट्याशिवाय हातात काही धरलेलं नाही.

पहिल्या रविवारी त्यानं बंदूक दिलीच नाही.
बाभळीखाली बसवलं, म्हणाला,
सूत ओळखतोस ना? वीस नंबर, चाळीस नंबर?
नंबर वाढला की सूत बारीक.
छर्ऱ्याचंही तेच, बेटा.
चार सशाला, सहा तित्तराला,
आठ म्हणजे बाजरीच, लाव्यापुरती.
आणि नळीचंही तेच:
रतलभर शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओत,
त्यातली एक जेमतेम शिरेल ती बारा बोअर.
वीस ओतल्यास तर गोळी लहान, नळी अरुंद.

मला वाटलं, हा मला रविवारीही मिलमध्येच घेऊन आलाय.

पुढच्या खेपेला ओल लागून फुगलेलं काडतूस
त्यानं माझ्यासमोर उकललं.
वर छर्रे, खाली नमद्याची चकती,
तिच्याखाली दारू, बुडाला पितळ,
पितळेच्या मधोमध इवलीशी टोपी.
सुई टोपीला टोचते,
टोपी दारूला सांगते,
दारू नमद्याला रेटते,
छर्ऱ्यांना सगळ्यात शेवटी कळतं.
तोवर तुझा विचार बदलला
तरी कुणी ऐकायला थांबत नाही.

मग मिलनं नाकारलेली डागी चादर
तीस पावलांवर बांधली.
दस्ता खांद्यात नीट रुतवला नव्हता मी;
आठ दिवस खांदा जांभळा, आईला सांगितलं, तराफा लागला.
उजव्या नळीची भोकं चादरभर पांगलेली,
डावीची दाट. डावीचं तोंड
किंचित आवळलेलं असतं, चोक म्हणतात त्याला.
भोकं मोजता मोजता ऊन चढलं.
चादर मी घरी आणली. तीन थंड्या काढल्या तिच्यात.

बांध आला की काडतुसं बाहेर.
बोट चापाच्या बाहेर.
नळी आभाळाकडे नाहीतर मातीकडे,
माणसाकडे नाही, बैलाकडे नाही, स्वतःच्या चपलेकडेही नाही.
आवाजावर मारायचं नाही.
पाखराच्या मागं काय आहे ते आधी बघ,
पाखरू नंतर.

तित्तर उठलं.
नळी त्याच्यामागं गेली, खाली, आणखी खाली,
आणि तिथं ओघळीतून
कडब्याचा एक भारा वर येत होता.
भाऱ्याखाली हिरवं लुगडं, दोन पाय.

बोट बाहेर होतं.
बाहेरच राहिलं.

जॉबर बोलला नाही.
बंदूक उघडली, काडतूस काढलं, माझ्या खिशात घातलं.
मार्डीच्या नाक्यावर चहा पाजला,
पैसे त्यानंच दिले, हे नवलच.

मिल गेली, जॉबर गेला,
बंदूक रीतसर कागदांनी माझ्याकडे आली.
तित्तर मी आयुष्यात एकही पाडलं नाही.
पण तेल मात्र दर महिन्याला.

फौजदार चावडीत कोवळा हवालदार
तिला उलटसुलट करतो.
तोंड माझ्या पोटावरून सरकतं, मग साहेबांच्या चहावरून.
मी दोन बोटांनी ते भिंतीकडे वळवतो.
"रिकामीच आहे की, आजोबा."
"बघितलीस?"
उघडतो. बघतो. उजेडाची दोन वर्तुळं.
"काडतुसं?"
मी डबीतून काढून टेबलावर ठेवतो.
कागदी, तंबाखूच्या रंगाचं, एकच.
"एवढं जुनं? हे अजून उडेल?"
"माहीत नाही. तू उडेल असंच समज."

तो लिहितो: नग एक. नंबर?
"सहा."
"म्हणजे जाड की बारीक?"

मी त्याला विचारतो,
तुझ्या घरी मिलमध्ये कुणी होतं का रे?