पिंजऱ्याचं भाडं

सू फॉल्समध्ये जुन्या कंपनीच्या एक्स्चेंजात
आम्हाला दहा बाय दहाचा पिंजरा मिळाला होता.
जाळी, कुलूप, आत आमची चार यंत्रं.
भाडं त्यांना, वीज त्यांची,
घराघरात शिरणारी तांब्याची तारही त्यांचीच.
एल्डन स्कोग्लंड म्हणायचा,
ज्याच्या गोठ्यात गाय बांधायची
त्याच्याच दुधाशी भाव लावायचा.

अठ्ठ्याण्णव साल.
दलाल यायचा गुळगुळीत कागदावरची चढती रेघ घेऊन.
"लांब मुदत" असं म्हणायचा,
जणू ते एखादं गाव आहे
आणि तिथे त्याने घर बघून ठेवलंय.
आम्ही बोनसऐवजी शेअर घेतले.
एल्डनने मार्गिटचेही घातले,
शाळेत तेवीस वर्षं शिकवून साठलेले.

दिवसा काच पुरायचो.
नोव्हेंबरनंतर जमीन फाळ घेईना,
तेव्हा गॅस पेटवून ती मऊ करायचो.
एका नळीत केसाएवढ्या एकशे चव्वेचाळीस तारा,
गरज बाराची.
उरलेल्या कशाला, मी विचारलं.
"पैसे खणायला लागतात. काचेला नाही."
हे वाक्य मला पुढे
कुठल्याच अहवालात सापडलं नाही.

मग चौसष्ट डॉलरचे अकरा सेंट झाले.
भाडं थकलं. त्यांनी कुलूप बदललं.
जाळीतून दिसत होते आमचे हिरवे दिवे,
दोन दिवस,
एका दंतवैद्याचे आणि धान्याच्या कोठाराचे फोन
अजून वाहून नेत.
कोर्टात देणेकऱ्यांची पंगत बसली.
भागधारकांची पाळी आली
तोवर पातेलं खरवडून झालं होतं.

एल्डनला जाऊन नऊ वर्षं झाली.
परवा मार्गिटचं गवत कापायला गेलो
तर एक पोरगा हिरवळीवर
नारिंगी रेघ फवारत चाललेला.
खाली काच आहे, म्हणाला. जुनी, पण पक्की.
एकशे चव्वेचाळीस. आता सगळ्या उजळल्यात.
मालक?
कुठलातरी पेन्शन फंड. शिक्षकांचा, वाटतं. इथला नाही.

मार्गिट दारात आली, हात पुसत.
काय म्हणत होता?
खाली काहीतरी आहे म्हणे.
तिने रेघेकडे पाहिलं, पार कोपऱ्यापर्यंत.
"बरं. कापताना पुसू नकोस ती."