पंच क्रमांक दोन

मला बोलावलं, कारण मी शेजारी राहतो
आणि मला सही येते.
पंच क्रमांक एक पाववाला.
त्याचे पाव निवत होते, भोंगा काखेत धरून
तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

ब्रिजिदाबायच्या परसात दोन झाडं,
रंगाच्या रिकाम्या डब्यांत, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली,
एक तिच्या खांद्याला, एक माझ्या.
हवालदारानं टेप लावून मोजली.
काटा त्यांनी आणलाच नव्हता.
माझा आणला, काजूबिया तोलायचा.
‘मुळांसकट की मुळांशिवाय?’
साहेब रेंज शोधत विहिरीपर्यंत गेले.
तोवर आम्ही झाडांकडे बघत राहिलो,
आलेला पाहुणा काहीच बोलत नसला की बघतात तसे.

चुगली कुणी केली, यावर गावानं रात्र काढली.
चुगली तिचीच.
साध्या कागदावरचा अर्ज:
‘घरगुती वापरासाठी, गुडघ्यांकरिता, दोन झाडे.
येऊन मोजून घ्यावीत. फी असल्यास कळवावे.’
पंचायतीनं तो अबकारीकडे धाडला,
अबकारीनं शेतकीकडे,
शेतकीनं ‘विषय आमचा नाही’ एवढंच लिहून पुढे कुठेतरी.
तिच्याकडे पोचपावती होती,
गोल शिक्का, तारीख ठळक.
साहेबांनी ती दोनदा वाचली, घडी घातली
आणि जप्तीच्या यादीत तिसरी वस्तू म्हणून चढवली.

वाळपईच्या इस्पितळात चौतीस वर्षं
ती सुया टोचत आली. मलाही, कुत्रा चावला तेव्हा.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

अर्जातलं अक्षर माझं होतं.
ती सांगत गेली, मी लिहीत गेलो,
‘करिता’ची वेलांटी तिच्यासमोर दुरुस्त केली.
पंचनाम्यावर सही करताना
मी हात थोडा तिरका धरला.

घरी आलो. भट्टीच्या भिंतीवर माझा परवाना,
काचेच्या चौकटीत, कडेला हुर्राकाचे थेंब.
दर साल पैसे भरतो, दर साल शिक्का.
एप्रिलात अख्खा डोंगर घमघमतो,
आणि त्या वासाला कुणी पंच लागत नाही.
काटा धुतला. पारड्याला माती होती,
माती धरून वजन भरलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

चौथ्या दिवशी जामिनावर सुटून
ब्रिजिदाबाय गुडघे धरत माझ्या पायऱ्या चढली.
हातात कोरा कागद.
‘आता एकच झाड म्हण,’ म्हणाली, ‘ल्हानसं.’

मी पेन शोधलं, सापडलंही.
मग म्हटलं,
या खेपेला टाइप करून घेऊ.